कप्तानाचा वंश कुरुंद्यात

३ फेब्रु.
मार्थाबाईंचा परत मेल. अमेरिकेत बसून खापरपणजोबा शोधतेत. कप्तान होल्डन. माणूस अमेरिकेचा, नोकरी निजामाच्या फौजेत, मुक्काम हिंगोलीच्या छावणीत. कुरुंद्याची बाई ठेवली होती, तिला मुलगा झाला, एवढंच त्यांच्या घरच्या कागदात. पुढं मुलाचं काय झालं? मला विचारतात, कारण रिटायर मास्तरीण, रिकामी, इंग्रजी येतं. यांचे बापजादे हुंदडले आणि मी वसमतहून एसटीचे धक्के खायचे!
पण मजा येतेय. खोटं कशाला बोलू.

११ फेब्रु.
कुरुंद्यात भाट आलाय, घरोघर वंशावळ वाचतो. त्याच्या वहीत डोकं घातलं. बापूरावांचं घराणं, पाच पिढ्या मागं धोंडजी. धोंडजीच्या बापाची जागा कोरी! काळ छावणीचाच. त्या घरात निम्मे घारे, गोरेपान. सापडला कप्तानाचा पोरगा.
हेच बापूराव. यांचा बाप मला बघायला आला, पोहे चापले, वर म्हणाला, "पोरगी चांगली हाय, पर घराणं बसत न्हाई आमच्यात." बापूराव शेजारी मान खाली घालून. पंचेचाळीस वर्षं झाली. मी पुढं लग्नच केलं नाही.
जागा कोरी का, ते भाटाला विचारायचं राहिलं. तो जेवायला गेला होता. म्हटलं, विचारायचंय काय त्यात.

१९ फेब्रु.
रेणुकाचं जमत आलंय. बापूरावांची नात, माझ्याच हाताखाली शिकलेली. मुलगा शिरड शहापूरचा, इंजिनियर. तिला मनापासून आवडलाय. मुलाच्या मामांचा फोन, चौकशीला. मास्तरणीचा शब्द म्हणजे पक्का, असं समजतात.
"बाई, घराणं कसं हाय?"
म्हटलं, "पोरगी सोनं आहे. घराण्याचं मात्र... भाटाची वही बघा. धोंडजीचा बाप छावणीतला गोरा होता म्हणतात."
म्हणतात कोण? मीच.
फोन ठेवून चहा केला. लई गोड लागला.

२३ फेब्रु.
मोडलं. गावातली टारगट पोरं रेणुका दिसली की "गुड मॉर्निंग मॅडम" ओरडतात. ऐकून हसू आलं. रात्री जेवण गेलं नाही.

६ मार्च
मार्थाबाईंना कप्तानाचंच पत्र सापडलं. पोरगं दोन वर्षांचं असताना पटकीत गेलं, आईही गेली. वंश तिथंच खुंटला. "तुम्हाला उगाच त्रास दिला," लिहितात.
मेल दोनदा वाचला. भाटाला फोन लावला.
"त्या साली त्या घरानं आमच्या पणजोबाला पागोट्याचा मान दिला न्हाई. मान न्हाई तर नाव न्हाई, आमची रीतच हाय. धोंडजीचा बाप खंडूजी, मला तोंडपाठ हाय की. तवाच काहून न्हाई इचारलं, बाई?"
बरं म्हणून फोन ठेवला.

९ मार्च
रेणुका आली. डोळे सुजलेले.
"बाई, मामा तुमचं ऐकतेत. हे खोटं हाय म्हणून एकदा बोला ना. शिरडचे अजून दुसरीकडं बघून न्हाई राहिले. कोन मेल्यानं सांगितलं काय म्हाईत."
म्हटलं, घसा बसलाय गं, बरा झाला की बोलते. खणखणीत आवाजात म्हटलं.
पोरीनं उठून हळदीचं दूध करून दिलं. मी प्याले.

१७ मार्च
बापूराव स्वतः पत्रिका घेऊन आले. त्या पोह्यांनंतर माझ्या दाराशी पहिल्यांदाच. रेणुकाला बिजवर, बेचाळीस वर्षांचा, दोन लेकरं.
"पोरीला पसंत आहे का?"
"कोन इचारतंय आता? आमच्या घरात कोन येऊन राहिलं, बाई? तुमीच घडवलं लेकराला. म्होरं येऊन बसा."
हात जोडले. याच दिवसाची वाट बघत होते ना मी? शरम वाटली. आणि बरंही वाटलं, तेच वाईट.
लग्न रविवारी, आज गुरुवार. एका फोननं थांबेल. पण मग कुणी सांगितलं तेही सांगावं लागेल, बापूरावांसमोर.
मामांचा नंबर काढला. परत ठेवला. रविवारसाठी साडी इस्त्रीला टाकली.