तेजलच्या मानेवरून

बुवापाडा, अंबरनाथ
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भावना हिस,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

वि. वि. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमच्याकडे ठीक नाही हे मला आज कळलं, आणि तेही तुझ्याकडून नाही. फोन केला तर तू दर वेळी कापलास. पत्र कापता येत नाही, म्हणून लिहायला बसले. राजरत्न जांभूळच्या पाणी केंद्रावरून सुटला की तेजलला न्यायला इथे येईल, त्याच्या डब्याच्या पिशवीत हे पाकीट टाकते. बायकोचं आणि बहिणीचं भांडण हा माणूस इकडून तिकडे बिनबोभाट पोचवील, पण भांडण कशावरून आहे हे विचारणार नाही. माझा भाऊ आहे, मला ठाऊक आहे.

तेजल काल माझ्याकडे राहिली. सकाळी वेणी घालताना मी तिची मान जरा पुढे केली, तर पोरगी अंग चोरून बाजूला झाली आणि दोन्ही हातांनी मान धरून बसली. आधी काही नाही म्हणाली. मग हळूच सांगितलं, की उल्हासनगरचे काका दर शुक्रवारी मान कडकन वळवतात आणि आवाज आला की शाब्बास म्हणतात. मला तू सांगितलं होतंस की शुक्रवारी ती अबॅकसच्या क्लासला जाते. माझ्याशी खोटं बोललीस ते मी एक वेळ गिळेन. नऊ वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला लावलंस, ते नाही गिळणार.

पुढचं ऐकून तर मी गॅस बंद करून तिच्यासमोर बसले. कल्याणच्या डॉक्टरबाईंनी तिचं लक्ष टिकावं म्हणून दिलेली गोळी तू दिवाळीपासून बंद केली आहेस म्हणे. दूध बंद, चपाती बंद, साखर बंद. काल शेजारच्या मुलाचा वाढदिवस होता. सगळी पोरं केक खात होती आणि आपली तेजल कोपऱ्यात काकडी चावत होती. मी केक पुढे केला तर म्हणाली, नको आत्या, माझ्या डोक्यात जातो. हे तिच्या डोक्यात कोणी घातलं ते मला कळायला हवं.

मुलगी चंचल आहे, मान्य. तिच्या एका चपलेचा पत्ता कधीच नसतो, हेही मान्य. पण म्हणून कोणाही हाडं वाजवणाऱ्याच्या हातात तिची मान द्यायची? येत्या शुक्रवारी तिला तिकडे नेलंस तर माझ्याशी गाठ आहे. इतकं कडक लिहायचं नव्हतं, पण लिहिलं, आता खोडत नाही.

राजरत्नच्या पिशवीत सुकटीची चटणी दिली आहे. ती तरी चालते की तीही डोक्यात जाते ते कळव. माया आहे म्हणून राग आहे, इतकं समजून घे.

तुझी,
शालनताई

*

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. शालनताईंस,
सा. जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र मिळालं. चटणी चांगली होती. पत्राबद्दल तसं म्हणता येत नाही.

फोन कापला कारण मी कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभी होते आणि समोर सुपरवायझर होती. दिवसभर मी गोळ्याच पॅक करते, ताई. गोळी म्हणजे काय ते मला नका शिकवू. त्या गोळीने तेजल जेवेनाशी झाली होती. शाळेचा डबा तसाच परत यायचा. संध्याकाळी खिडकीत गप्प बसून राहायची, हाक मारली तर हो म्हणायची, बस. बाईंनी शाळेत तिचं कौतुक केलं की आता किती शांत बसते. मला वाटायचं, ही शांत मुलगी कोणाची, माझी कुठे गेली? डॉक्टरबाईंना सांगायला गेले तर बाहेर ही गर्दी. आत गेल्यावर मी तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर पुकारला.

तुम्हाला ती महिन्यातून एकदा भेटते. तिचं नाचणं, बोलणं, तुम्हाला गोड वाटतं. शाळेचा फोन मला येतो. तिने वही फाडली, तिने बाक सोडला, तिने दुसऱ्या मुलीच्या वेणीला डिंक लावला. प्रत्येक मीटिंगला मी एकटी मान खाली घालून बसते. तुमचे बंधू एकदाही आले नाहीत. ड्युटी असते. पाणी सगळ्या एमआयडीसीला पोचतं, हे मात्र शाळेत पोचत नाहीत. माझ्या सासूबाई पुतणीच्या लग्नात चारचौघांत म्हणाल्या, की नातीला वेडाची गोळी चालू आहे. तेव्हा तुम्ही तिथेच होता. तुम्ही काही बोलला नाहीत, आणि आज मला पत्र लिहिता.

उल्हासनगरचा माणूस कायरोप्रॅक्टर आहे, हाताने मणके जागेवर बसवतो. कंपनीतल्या सोनियाने त्याचं नाव सांगितलं, तिची पाठ त्याने बरी केली. त्याने तेजलला समोर बसवून नीट बघितलं, माझं सगळं ऐकून घेतलं. माझं सगळं ऐकून घेणारा तो पहिला माणूस. म्हणाला, मानेचा वरचा मणका सरकलाय, त्याने मेंदूकडे जाणारा रस्ता अडतो, म्हणून लक्ष लागत नाही. आणि रोजचं वळण लावून दिलं. रात्री लवकर झोप, मोबाइल बंद, सकाळी धावायला जायचं, पाकिटातलं काही खायचं नाही. आम्ही दोघी सकाळी नदीच्या बाजूला धावतो. ती आता अभ्यासाला बसते, पूर्वीपेक्षा बरीच बसते. हे तुम्हाला का दिसत नाही?

आणि एक गोष्ट विचारते, राग आला तर येऊ द्या. तुम्ही पायाळू. पायाकडून जन्मलात म्हणून अर्धा बुवापाडा सकाळी तुमच्या दारात पाठ धरून उभा असतो आणि तुम्ही त्यांच्या लचकेवर पाय लावता. मागच्या वर्षी झोक्यावरून पडली तेव्हा तेजलच्या पाठीलाही तुम्हीच पाय लावला होता. ती झोपली, आणि सगळे म्हणाले आत्याचा गुण आला. शरीरात कुठेतरी काहीतरी अडकतं आणि कोणीतरी ते मोकळं करतं, हे मी तुमच्याच घरात शिकले. तुमचा पाय चालतो आणि त्याचा हात चालत नाही?

शुक्रवारी आम्ही जाणार आहोत. तुमचा मोठेपणा मानते, म्हणूनच सांगून जाते आहे.

आपली,
भावना

*

बुवापाडा, अंबरनाथ
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भावना हिस,
अ. आ. व जयभीम.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. लग्नातल्या गोष्टीचं तुझं म्हणणं बरोबर आहे. आईला तिथेच गप्प करायला हवं होतं. परवा तिच्याकडे जाऊन तो हिशेब चुकता केला, आता ती माझ्याशी बोलत नाही. तू फोन कापतेस, ती तोंड फिरवते, माझ्याशी अबोला धरणारी या घरात आता दोन माणसं झाली.

पायाचं म्हणशील तर मी आईच्या पोटात उलटी होते, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. मी पाय नुसता टेकवते, दाबत नाही. कोणाची मान कधी धरली नाही. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर दवाखान्यात जा, हे प्रत्येकाला सांगते. हे सगळं मी तुला ठणकावून लिहिणार होते. त्याआधी म्हटलं, त्या माणसाला एकदा डोळ्यांनी बघून यावं, म्हणजे लिहायला आणखी जोर येईल. काल उल्हासनगरला गेले.

बाहेरच्या खोलीत आईबाप मुलांना घेऊन बसले होते. एका बाईचा मुलगा बोलत नाही, एकीचा अंथरूण ओलं करतो, एकीचा अभ्यासात मागे. सगळ्यांचं एकच, मणका सरकलाय. भिंतीवर पाठीच्या कण्याचं मोठं चित्र, आणि जगातला एकही आजार त्या चित्राबाहेर राहिलेला नाही. माझा नंबर आला. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, तर त्याने माझीच मान चाचपली आणि वरचा मणका सरकलाय म्हणाला. मी म्हटलं, मी पायाळू आहे, मला असलं सांगू नका. भावना, त्या माणसाने मला हात जोडले. म्हणाला, मग तर आपण दोघं एकाच लायनीतले, लोकांना विश्वास हवा असतो, तो आपण देतो.

इतकी मी आयुष्यात कधी चिडले नव्हते. त्याच्यावर चिडले, आणि तो मला ओळखून बसला म्हणून माझ्यावर त्याहून जास्त. तिथून स्टँडपर्यंत तणतणत चालत आले. आज सकाळी बनूबाई पाठ धरून दारात आल्या. त्यांना म्हटलं, आजपासून पाय बंद, सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई बसतात, त्यांच्याकडे जा. मला शिंगं फुटली म्हणत त्या निघून गेल्या. गल्लीत उद्यापासून माझी काय शोभा होईल ती होवो.

तेव्हा आता मला उत्तर द्यायला तुझ्याकडे ते हत्यार राहिलं नाही. धावणं, झोप, मोबाइल बंद, हे चांगलं आहे. ते तू केलं आहेस, त्याने नाही. पहाटे उठून पोरीबरोबर धावतेस ती तू. त्याचं श्रेय त्याच्या पदरात का घालतेस?

एकच कर. येत्या शुक्रवारी त्याला सांग, की तेजलची डॉक्टरांची गोळी बंद ठेवायची हे तुमच्या लेटरहेडवर सही करून द्या. दिलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. हवं तर तुझ्याबरोबर येऊन तिची चप्पल सांभाळेन.

रागाने लिहिते, तरी डोळे मिटले की तुम्हा दोघींचंच मनात येतं.

तुझी,
शालनताई

*

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

ती. शालनताईंस,
सा. जयभीम.

वि. वि. उशीर झाला. लिहायला बसायची आणि उठायची, असं चाललं होतं.

गेल्या शुक्रवारी मी त्याला लिहून मागितलं. खरं तर तुम्हाला खोटं पाडायला मागितलं. तो हसला. म्हणाला, असलं लिहून देत नसतात. मी पुन्हा मागितलं तर त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, गोळी बंद करा असं मी कधी म्हटलंच नाही, तो आईचा निर्णय होता. ताई, दिवाळीच्या आधी याच माणसाने माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी बघून मान हलवली होती आणि म्हणाला होता, हे विष पोटात जात असेल तर माझी मेहनत वाया. या शुक्रवारी हे बोलणं चाललं असताना तेजल त्या उंच टेबलावर पडलेली होती आणि तिचं डोकं त्याच्या दोन्ही हातांत होतं. मी त्याचे हात बाजूला केले आणि तिला उचललं. तोंडाला येईल ते बोलले. बाहेर बसलेल्या बायका मला वेड लागल्यासारखं माझ्याकडे बघत होत्या. त्यांतली एकही उठली नाही, ते आठवून मला अजून संताप येतो. मग आठवतं, महिन्याभरापूर्वी मीही उठले नसते.

सोमवारी रजा टाकून कल्याणला गेले. डॉक्टरबाई ओरडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. त्या ओरडल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. मान तपासली, स्नायू आखडलेत म्हणाल्या, नसेला काही झालेलं नाही. पण लहान मुलाच्या मानेला पुन्हा असा झटका द्यायचा नाही, आणि लक्ष न टिकण्याचा मणक्याशी काही संबंध नाही, हे अगदी सावकाश सांगितलं. भूक मेल्याचं आणि ती गप्प झाल्याचं मी सांगितलं तर त्यांनी गोळी कमी ताकदीची करून दिली, नाश्त्यानंतर घ्यायची. म्हणाल्या, गप्प होणं म्हणजे बरं होणं नव्हे, तेव्हाच यायला हवं होतं. झोप, धावणं चालू ठेवायचं. दूध, चपाती, केक सगळं सुरू करायचं. आणि आईवडील दोघांनी तिच्याशी कसं वागायचं ते शिकायला यायचं. दोघांनी, असं त्या पुन्हा म्हणाल्या. तुमच्या भावाला सांगितलं, ते बरं म्हणाले. त्यांचं बरं आपल्या दोघींना माहीत आहे. या वेळी त्यांना तुम्ही घेऊन या, कान धरून आणलंत तरी चालेल.

मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, हा तुमचा गुन्हा. पण आता जे लिहिते ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

सोमवारी परत येताना मी स्कूटी रस्त्याकडेला घेतली आणि तेजलला विचारलं, की मान दुखत होती तर मला एकदाही का सांगितलं नाहीस. दर वेळी तिथून निघाल्यावर मी तिला विचारायचे, दुखलं का, आणि ती नाही म्हणायची. ती हेल्मेटचा पट्टा चावत राहिली. मग म्हणाली, की दुखतं म्हटलं असतं तर आपण जाणं बंद केलं असतं. मी म्हटलं, मग बंद व्हायला नको होतं का? तर म्हणाली, शुक्रवारी तू माझ्यावर ओरडत नाहीस. येताना पूर्ण रस्ता माझ्याशी बोलतेस.

तेव्हापासून मी हेच वाक्य घेऊन फिरते आहे, ताई. लाइनवर उभी असते आणि हेच ऐकू येतं. काल वही सापडेना म्हणून मी पुन्हा तिच्यावर आवाज चढवला, आणि तिने घाईघाईने मला विचारलं, की आता शुक्रवारी आपण कुठे जायचं.

माझ्यावर किती रागवायचं ते तुम्ही ठरवा, पण तेजलवरची माया तेवढी कमी होऊ देऊ नका.

आपली,
भावना