विज्ञानाच्या कपाटाची किल्ली व इतर मिळकत

मी, इंदुमती भिमाजी टाव्हरे, वय एकसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार टाव्हरेवाडी, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. तेवढी छाती आजवर कुणाची झालेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. सोपान गावडे यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी गुरुवार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून दिवाळीतच अडकलंय हेही सांगितलं. माझं हृदय मोठं झालंय, असं पुण्याचे डॉक्टर म्हणतात. शाळेत कुणाचा यावर विश्वास बसणार नाही.

कलम १. लग्न केलं नाही, त्यामुळे वारसांची भानगड नाही. राहतं घर, भांडीकुंडी आणि टीव्ही पुतण्या आदेश याला द्यावा. मांजर घराबरोबर जाईल. आदेशचं आळेफाट्याला हॉटेल आहे. पोरगा वाईट नाही, फक्त मोकळी जागा दिसली की त्याला तिथे टेबलं मांडलेली दिसतात.

कलम २. आमच्या हायस्कूलात विभाग भरपूर. मराठी विभाग म्हणजे मुख्याध्यापक संपत हांडे सर, गणित विभाग म्हणजे जानकू सर, क्रीडा विभाग म्हणजे एक शिट्टी, आणि विज्ञान विभाग म्हणजे मी व एक कुलूपबंद कपाट. जानकू सरांनी माझी छत्री नेली ती नेलीच. ती त्यांना या मृत्युपत्राने देण्यात येत आहे. 'उद्या नक्की आणतो, बाई' हे आता बंद करावं. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी दरवर्षी माझे तास पळवणाऱ्या क्रीडा विभागाला काही नाही. शिट्टी त्यांच्याकडे आहेच.

कलम ३. आता कपाट. शहाण्णव साली अनुदानातून शाळेला सूक्ष्मदर्शक आला. हांडे सरांनी तो कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तपासणीच्या दिवशी तो बाहेर काढायचा, पुसायचा, टेबलावर 'हात लावू नये' अशी पाटी ठेवून मांडायचा आणि साहेबांची जीप वळली की परत आत. मी निवृत्त होईपर्यंत भांडले. सरांचं एकच, "बाई, फुटला तर पगारातनं कापत्यात. तुमी भरणार का?" भरते म्हटलं तरी किल्ली निघाली नाही.

आमच्याकडे घरोघरी कांद्याच्या वखारी. पोरं कांद्यात जन्मतात, कांदा काढायला शाळा बुडवतात. पण कांद्याची पेशी त्यांनी पाहिली ती माझ्या खडूने फळ्यावर काढलेली. तीच परीक्षेत काढून पास झाली. याची मला लाज वाटायची आणि संतापही यायचा. तो संताप अजून शिल्लक आहे, तो कुणाच्या नावे करत नाही.

कलम ४. बँकेतल्या ठेवीचं व्याज विज्ञान विभागाच्या फुटतुटीसाठी. विभाग आता अनिसा मणियार सांभाळते. माझीच विद्यार्थिनी, घोडेगावच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या महंमद हनीफ यांची मुलगी. नोकरीवर रुजू होताच तिने किल्ली मागितली, तर सर म्हणाले, हरवली. ती मला म्हणाली, "बाई, भरताना बांगडी फुटली तर अब्बा दुसरी काढतात. गिऱ्हाइकाला हाकलून देत नाहीत." इतक्या वर्षांत शाळेबद्दल एवढं शहाणं कुणी बोललं नव्हतं. मृत्युपत्राची व्यवस्था तिनेच पाहावी.

कलम ५. शाळेलगतची माझी दहा गुंठे जमीन प्रयोगशाळेसाठी शाळेला. अट अशी: माझ्यामागे पाच वर्षं, दरवर्षी मार्चअखेर प्रयोगशाळेतलं काही ना काही फुटलेलं असलं पाहिजे. परीक्षानळी चालेल, काचपट्टी चालेल. पण ते पोरांच्या हातून, प्रयोग करताना फुटावं. मुद्दाम आपटलेलं धरू नये. ज्या वर्षी सगळं धडधाकट सापडेल, त्या वर्षी जमीन आदेशला जाईल. त्याने तिथे खुशाल फॅमिली गार्डन काढावं. म्हणजे दर मार्चला आदेश स्वतः येऊन काचा मोजणार. इतका कडक तपासनीस सरकारने कधी पाठवला नाही.

कलम ६. दहाव्याला भाषणं नकोत. पुढारी आले तर चहा द्यावा, माईक देऊ नये. घाटावरून सगळ्यांनी थेट शाळेत जावं आणि अनिसाने करवतीने कपाटाचं कुलूप तोडावं.

कलम ७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे. हांडे सरांना मी काहीच ठेवलेलं नाही, म्हणून त्यांच्याइतका योग्य साक्षीदार तालुक्यात नाही.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. तसा नियम नाही, पण मला सरांचं तोंड पाहायचं होतं. सहाव्या कलमाला ते उठले. मला वाटलं, चालले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"हरवली नव्हती, बाई. पयल्या नोकरीत माझ्या हातनं काचंच्या पेटीतला तराजू फुटला व्हता. वर्षभर पगार कापला. तवापास्नं काचंची लई भीती बसली."

मी म्हटलं, "सर, मग तुम्ही तरी कधी आत पाहिलंत का?"

"न्हाई," ते म्हणाले. "पेशी दिसती का हो खरंच?"

डॉ. गावडे साक्षीला होते, त्यांनी उगाच माझी नाडी धरली.

सबब, कलम ६ मधील करवतीचा मजकूर रद्द. दहाव्याचीही वाट पाहू नये. येत्या सोमवारी प्रार्थना झाल्यावर अनिसाने कपाट उघडावं आणि पहिल्यांदा सरांना पाहू द्यावं. कांदा मी घेऊन येते.

ठिकाण: टाव्हरेवाडी
दिनांक: ६ डिसेंबर २००७

(सही) इंदुमती भिमाजी टाव्हरे

साक्षीदार:
१. (सही) संपत हांडे, मुख्याध्यापक. किल्ली दिली.
२. (सही) डॉ. सोपान गावडे. कॅलेंडर बदलले.