अपिलाला अजून वेळ आहे

५ मार्च, बुधवार
शिक्षा झाली. दीड वर्ष. लिफ्ट तपासल्याची सही माझी. तपासायला गेलो नव्हतो, पण ती रोज व्यवस्थित चालत होती. पडली तेव्हा आत एक मास्तर होते, त्यांचा पाय गेला. वकीलबाई म्हणाल्या होत्या, गुन्हा कबूल करा, शिक्षा कमी लागेल. केला कबूल. आता अपिलाला तीस दिवस मिळालेत, तोवर जामीन. अपील नाही केलं तर शिक्षा भोगायला स्वतः हजर व्हायचं. तीस दिवस म्हणजे भरपूर.

८ मार्च
वकीलबाईंचा फोन. म्हणाल्या, कबुली दिलीत, आता निर्दोष म्हणता येणार नाही. शिक्षा जास्त झाली एवढंच मांडायचं. एका पानाचं काम, येऊन सही करा. माझी बाजू एका पानात मावणार? अपील मीच लिहिणार. उद्यापासून, पहाटे उठून.

१३ मार्च
पहाटे जाग आली नाही. दुपारी मथळा लिहिला. अक्षर झकास आलंय.

१९ मार्च
कंपनीत चक्कर. साहेबांनी चहा पाजला, कामाचं काही बोलले नाहीत. माझ्या लॉकरला दुसऱ्याचं कुलूप. तात्पुरतं असणार.

२४ मार्च
बायको म्हणाली, फ्यूज कसा बदलायचा ते शिकवा. गॅस कुठून बंद करायचा तेही. हौस आली असेल. शिकवलं. मग विचारते, मास्तरांना एकदा भेटून का येत नाही? अपिलात गुंतलेल्या माणसाला काय विचारावं, काही पोच नाही.

३० मार्च
मेहुणा येऊन गेला. म्हणाला, दाजी, मुदत गेली की दार बंद. म्हटलं, शनिवार-रविवार धरत नसतात. कुठे वाचलंत, म्हणाला. असल्या गोष्टी वाचाव्या लागत नाहीत. वकीलबाईंचे फोन थांबलेत. माझ्यावर भरवसा बसला असावा.

४ एप्रिल
अकरा पानं झाली. शेवट नीट जमत नाहीये. सोमवारी देतो. बायकोने दोनदा विचारलं, आज शुक्रवार ना?

७ एप्रिल, सोमवार, कोर्टात
क्लार्क म्हणाला, मुदत शुक्रवारी संपली. उशीर माफ करा असा अर्ज देता येतो, पण कारण सबळ लागतं. म्हटलं, अपील लिहीत होतो. त्याने अकराही पानं सावकाश वाचली. मग विचारलं, यात शिक्षा कमी करा असं कुठे मागितलंय? मी शोधलं. लिफ्टच्या कंपनीबद्दल आहे, तुटलेल्या तारेच्या दोराबद्दल आहे, साहेबांबद्दल तर तीन पानं आहेत. तेवढं राहून गेलं.
त्याने माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं, आत जाऊन फोन केला आणि मला बाकावर बसायला सांगितलं. सज्जन माणूस. काहीतरी मार्ग काढतोय. मघापासून दाराशी दोन पोलीस येऊन उभे राहिलेत. कोणाला तरी न्यायला आले असणार.