डुगडुगती खुर्ची

६ तारीख, सोमवार
मुलाखतीचा मेल आला. गुरुवारी अकरा वाजता. पद ॲडमिन मॅनेजर. कंपनी ऑफिसच्या खुर्च्या बनवते. म्हणजे निवड झाल्यातच जमा. खुर्च्या आणि माणसं, या दोन विषयांत मला कोणी शिकवू नये. जुन्या कंपनीत वीस वर्षं मुलाखती मी घेतल्या. कंपनी बुडाली, त्याला माझा इलाज नव्हता.

हिला सांगितलं. म्हणाली, झालं तर उत्तम. नाही झालं तर एक तारखेपासून दादाच्या दुकानात, ठरलंय ना आपलं? आपलं कसलं, हिचं ठरलंय. दादा म्हणजे हिचा भाऊ, माझा मेव्हणा. गाद्यांचं दुकान. आत पाऊल टाकलं की नव्या फोमचा वास अंगावर येतो आणि घरापर्यंत सोबत करतो. तिथे मी काउंटरवर बसणार? शी.

आणि वासाचं एक वेळ सोडा. याच मेव्हण्याला मी एकदा नापास केलंय. तो आमच्या कंपनीत नोकरीसाठी मुलाखतीला आला होता. माझी पद्धत साधी होती. उमेदवाराला मुद्दाम डुगडुगती खुर्ची द्यायची. तक्रार करेल तो भांडखोर. गप्प बसून डुगडुगेल तो बावळट. कागदाची घडी करून पायाखाली सरकवेल तो आपला माणूस. मेव्हणा अर्धा तास हसतमुखाने डुगडुगला. नात्याचा मुलाहिजा ठेवला नाही. मग त्याने दुकान काढलं, आता शाखाही आहेत. याचं श्रेय कोणाला, हे तो कधी बोलत नाही.

७ तारीख, मंगळवार
संकल्प: पहाटे उठणे, व्यायाम, इंग्रजी मोठ्याने वाचणे.

नऊला जाग आली. मुलाखतीला चेहरा ताजा लागतो, तेव्हा झोप हीसुद्धा तयारीच.

मुलाखत कशी द्यावी याचा व्हिडिओ बघितला. केसांना चिकट काहीतरी थापलेला पोरगा, ओठ सतत ओले. म्हणतो, आत जाताना मनात म्हणा, मी खास आहे. बंद केला. शिवाय मला ते मनात म्हणावं लागत नाही.

संध्याकाळी लेकीने खोटी मुलाखत घेतली. तुमचा एखादा दोष सांगा, म्हणाली. म्हटलं, माझ्या बरोबरीची माणसं मला मिळत नाहीत. ती उशीत तोंड खुपसून हसली. मग म्हणाली, बाबा, समोरच्याचं फक्त ऐकून घ्या, बाकी काही करू नका. मी तिला समजावलं की प्रश्न असा नाही, असा विचारायचा असतो. ती उठून गेली. तिला मुलाखत घेणं जमणार नाही.

नोंद: ऐकून घेणे.

८ तारीख, बुधवार
कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास. बटण काज्यापर्यंत पोचत नाही, कापड आटलंय. काळ्या बुटात हात घातला तर आत मेलेलं झुरळ, त्याचे पाय माझ्या बोटाला चिकटले. दोनदा हात धुतले तरी जेवण गेलं नाही. बूट पुसायला वाकलो तेव्हा कंबर धरली ती धरलीच. ही म्हणाली, वाकायची सवय नाही तुम्हाला. याला कौतुक समजलो.

केस काळे करून घेतले. न्हावी बोलण्यात रंगला आणि माझे कानही रंगले. म्हणाला, साहेब, दोन दिवसांत जातं. म्हटलं, मुलाखत उद्या आहे. म्हणाला, मग समोरूनच बघू द्या त्यांना.

९ तारीख, गुरुवार. संध्याकाळ
फार उत्तम झाली. क्रमाने लिहितो.

वेळेआधी पोचलो. दाराच्या काचेवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे तेलकट पंजे. हात लावायची किळस आली म्हणून कोपराने ढकललं. कोपर घसरलं, कपाळ आपटलं. आता त्या काचेवर माझाही ठसा आहे.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, काका, बसा. म्हटलं, मी मॅनेजरच्या जागेसाठी आलोय. म्हणाली, हो काका.

शेजारी दुसरा उमेदवार. अंगावर एवढा सेंट की जवळून माशी गेली असती तर चक्कर येऊन पडली असती. त्याला मनात सेंटवाला म्हणून टाकलं. माझे कान तीक्ष्ण, हा एक शापच आहे. तो फोनवर आईला सांगत होता, झालं नाही तरी जेवायला घरीच येतो गं, झाकून ठेव. असली ही नवी पिढी. आत शिरायच्या आधीच परतीचं बघते.

मग रिसेप्शनवरच्या मुलीने मला एका खोलीत नेलं. मॅडम येतायत, म्हणाली. मी खुर्चीत बसलो आणि खुर्ची हलली. किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे. अंगावर काटा आला. माझी पद्धत. शेवटी बाजारात पोचली तर.

लगेच कामाला लागलो. टेबलावर कागद नव्हता. फायलीतून बायोडेटा काढला, एका पानाची घडी केली. पुरली नाही. अनुभवाचं पानही घातलं. खुर्चीला पाय नव्हते, चाकं होती. तेव्हा घडी सीटखालच्या फटीत ठोकावी लागली. त्यासाठी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरावं लागलं. तोल सावरायला टेबल धरलं, तर खालून कोणीतरी च्युइंगम चिकटवलेलं. अजून ओलं. मनुष्यजातीबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते लिहीत नाही. कंबर पुन्हा धरली.

मी खालीच असताना दोघं आत आली. एक लेकीच्या वयाची बाई, एक पेंगुळलेले गृहस्थ. ओळखलं, ही असिस्टंट. खरे साहेब मागून येणार. म्हणून चांगली उत्तरं राखून ठेवली.

तिने विचारलं, काही पडलंय का? म्हटलं, नाही, बसवलंय. तिने बायोडेटा मागितला. म्हटलं, खुर्चीत आहे, अनुभवाच्या पानासकट. गृहस्थ पूर्ण जागे झाले.

मग ती शांतपणे म्हणाली, ही खुर्ची हलावी म्हणूनच बनवलीय. आमचं नवं मॉडेल आहे. बसणाऱ्याबरोबर डुलते, त्यामुळे कंबर आखडत नाही. मी मनात म्हटलं, आला दुसरा टप्पा. दबाव आला की माणूस ठाम राहतो का, हे बघतायत. ठाम राहिलो. म्हटलं, हलते तिला खुर्ची म्हणत नाहीत, पाळणा म्हणतात. ज्याने बनवली त्याला आधी घरी पाठवा. म्हणाली, मी बनवलीय. तरी ठाम राहिलो.

शेवटी म्हणाली, तुम्हाला काही विचारायचंय? म्हटलं, साहेब कधी येतात? म्हणाली, कंपनी माझीच आहे. असले डाव मी वीस वर्षं टाकलेत. नुसता हसलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, आणि हे काळे कान घेऊन?

१० तारीख, शुक्रवार
फोन नाही. लगेच फोन करणं कंपनीच्या इभ्रतीला शोभत नाही. मीही कोणाला लगेच कळवत नसे. काहींना तर कळवलंच नाही.

१३ तारीख, सोमवार
फोन नाही. माझ्यासाठी केबिन तयार करत असतील. कंबर तशीच.

१५ तारीख, बुधवार
फोन आला. डोळ्यांत साबण, अंगावर टॉवेल, धावलो. फरशीवरचं पायपुसणं ओलं आणि बुळबुळीत होतं, त्यावरून थेट फोनपर्यंत पोचलो. एक गोड आवाज म्हणाला, सर, क्रेडिट कार्ड हवंय का? या जगाचा वीट आलाय.

२० तारीख, सोमवार
शेवटी मीच केला. त्यांना संकोच वाटत असेल म्हणून.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, काका, त्या जागेवर माणूस रुजू झाला. कोण? तुमच्या शेजारी बसले होते ते. सेंटवाला. विचारलं, त्याने खुर्चीचं काय केलं? म्हणाली, काय करणार, बसले. मॅडमना म्हणाले, छान वाटतंय, उठावंसंच वाटत नाही.

म्हणजे गप्प बसून डुगडुगणारा. मेव्हण्याच्या जातकुळीतला. असल्यांचंच राज्य आलंय.

मग म्हणाली, काका, तुमची दोन पानं त्या खुर्चीत घट्ट बसलीयत, मेकॅनिकलाही निघत नाहीत. मॅडम विचारत होत्या, तुम्ही कशाने ठोकलीत? म्हटलं, अनुभवाने. फोन ठेवला. उत्तर चांगलं होतं. वाया गेलं.

३१ तारीख, शुक्रवार
संकल्प: दुकानात जायचं, पण सल्लागार म्हणून. काउंटरवर बसायचं नाही. गादीला हात लावायचा नाही. नाकाला रुमाल.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, रुमाल इस्त्री करून ठेवलाय.

१ तारीख, शनिवार
गेलो. वास होताच. शिवाय एका गिऱ्हाइकाने बूट न काढता गादीवर पाय ताणून दिले होते आणि मेव्हणा त्यालाच विचारत होता, उशी देऊ का?

माझी मुलाखत घेतली नाही. एवढंच विचारलं, भाऊजी, चहात साखर किती? मी स्पष्ट केलं की सल्लागार म्हणून आलोय. म्हणाला, हो हो, सल्ला काउंटरवरूनच द्या, तिथून आवाज सगळीकडे पोचतो.

काउंटरमागे नवी खुर्ची. प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. म्हणाला, तुमच्या कमरेचं कळलं घरून, म्हणून मुद्दाम मागवली. मी एकदा तुमच्याकडच्या खुर्चीवर बसलो होतो ना, तेव्हा आठवडाभर पाठ धरली होती. त्याच दिवशी ठरवलं, आपल्याकडे जो येईल त्याला बसायला नीट द्यायचं. हसत म्हणाला. त्याचं हसू तेव्हाही असंच होतं, त्यावरून काही कळत नाही.

बसलो. खुर्ची किंचित डावीकडे डुलली. मग किंचित उजवीकडे.

सवयीने समोरचा कागद ओढला, घडी केली. मेव्हणा गिऱ्हाइकाला गादी दाबून दाखवत होता, पण बघत माझ्याकडे होता.

घडी खिशात घातली.

दिवसभर कंबर दुखली नाही. फोमच्या वासाने डोकं मात्र ठणकलं. घरी आल्यावर ही म्हणाली, कसा गेला दिवस? तिला डोक्याचं सांगितलं.