आमच्या घरी तिजोरी आली त्याची हकिकत

जुन्नर, शनिवार

आदरणीय जहाँआराआपा यांना,

धाकट्या वलीचा सलाम. गुलशनचाही सलाम घ्यावा. ती शेजारी बसून मी काय लिहितो ते वाचते आहे, तेव्हा पत्रात तिची तारीफ आढळली तर तिचं कारण हेच समजावं. तुमचा गुडघा कसा आहे? बोरीला थंडी अजून आहे का? शेळी व्याली असेल, तर दूध तुम्ही स्वतः पिता की सगळं शेजारी वाटून टाकता? (खरं सांगा. आम्ही चौकशी करणार आहोत.)

इकडे सर्व ठीक. फक्त आमच्या घरी तिजोरी आली आहे.

तुम्ही विचाराल, शिंप्याच्या घरी तिजोरीत ठेवायचं काय, सुया? हे सगळ्या आळीने विचारून झालं. गेल्या महिन्यात इथे एका घरी चोरी झाली (चोराने तांब्याचा हंडा उचलला आणि जड झाला म्हणून कोपऱ्यावर ठेवून गेला), त्यानंतर गुलशनच्या मनाने घेतलं. मी म्हटलं, आपली पत्र्याची ट्रंक आहे, तिला कुलूप आहे. तिने केसातला आकडा काढला आणि ते कुलूप उघडून दाखवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या बायकोला ही विद्या येते हे मला ठाऊक नव्हतं. ट्रंकेत दडवलेल्या माझ्या विड्या कुठे जात होत्या, तेही त्याच वेळी कळलं.

मग पुण्याला जावं लागलं. सोबत कुंडलिक सायकलवाला घेतला, कारण लोखंडाची पारख आपल्याला आहे असं तो स्वतःच सांगतो. त्याची परीक्षा एकच. तिजोरी दिसली की तिच्यावर चढून बसायचं. दोन दुकानांतून त्याला खाली उतरवण्यात आलं. तिसऱ्या दुकानाचे मालक म्हातारे, फार सज्जन. त्यांनी एक हिरवी तिजोरी दाखवली. तिच्या दारावर पितळी फुलं होती आणि त्यांतल्या एका फुलाखाली किल्लीचं भोक लपवलेलं होतं. म्हणाले, "हिच्यात मौल्यवान वस्तू ठेवा आणि निर्धास्त झोपा." दाखवण्यासाठी मौल्यवान असं हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी नाकावरचा चष्मा काढून आत ठेवला आणि दार लावलं. पुढे त्यांना ते फूलच सापडेना. चष्मा आत, मालक बाहेर. बिचारे सगळ्या फुलांवरून हात फिरवत होते, आणि वर बसलेला कुंडलिक, "जरा उजवीकडं, न्हाई, लई झालं," असं सांगत होता. अखेर माडीवरून त्यांच्या बायकोला बोलावलं. बाई आल्या, क्षणात तिजोरी उघडली, चष्मा पदराने पुसला आणि आमच्या सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या नाकावर बसवला. म्हातारे लाजले, आपा. आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत राहिलो. आणि मला वाटलं, नवऱ्याला न उघडणारी आणि बायकोला उघडणारी तिजोरी आपल्या घराला शोभेल. सौदा तिथेच झाला.

भाजी उतरवून परतणाऱ्या मालमोटारीतून ती जुन्नरला आली आणि वेशीपासून सावळेरामच्या बैलगाडीतून घरापर्यंत. चढावर बैल थांबले. सावळेरामने मला विचारलं, "वलीभाई, आत कुणी बसलंय का वो?" घरापाशी पोहोचलो तर तिजोरी दारातून आत जाईना. तिरपी करून पाहिली, आडवी करून पाहिली. निम्म्या जुन्नरच्या कंबरा मी मोजल्या, पण स्वतःच्या दाराचं माप घ्यायचं राहिलं होतं. सुताराला बोलावून चौकट काढली, तिजोरी आत गेली. चौकट परत बसवायला घेतली तेव्हा ती खालून वाळवीने खाल्लेली निघाली आणि सुताराच्या हातातच सुटली. नवी करायची तर सुतार लग्नाला अवसरी बुद्रुकला गेला आहे आणि तिकडेच रमला आहे.

तेव्हा सध्या आमच्याकडे तिजोरी आहे, दार नाही. दाराच्या जागी गोधडी लावली आहे. गुलशन आधी रागावली, मग तिजोरीकडे आणि गोधडीकडे आळीपाळीने पाहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. शेजारची साळुबाई तांदूळ निवडायला आमच्याच उंबऱ्यावर बसते. "तुमी निवांत ऱ्हावा, मी हाय ना," म्हणते. आम्ही निवांत आहोत.

प्रकृतीस जपावं.

तुमचा लाडका (हे गुलशन खोडायला सांगते आहे),
वली

ता. क. गुलशन म्हणते, आता खरं ते लिहा. चोरी झाली हे खरं, पण तिजोरी त्यासाठी घेतलेली नाही. दुलाभाई वारल्यावर तुम्ही एकट्या उरलात, म्हणून आम्ही तुम्हाला इकडे आणायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, "अम्मीचे दागिने हायत माझ्यापाशी, तुमच्या घरात ते ठेवू कुठं? मी इथंच बरी." मी भोळा, ते खरं मानून परत फिरलो. मोटारीत नारायणगाव आल्यावर गुलशन म्हणाली, "आपांना दागिन्यांचं काय बी न्हाई. आपल्याला ओझं व्हायचं न्हाई म्हणून बोलल्या. पण बोलल्या ना? मग तिजोरीच आणू. बघू आता काय म्हणतात." आपा, तिजोरी रिकामी आहे. तिच्यात ठेवण्यासारखं आमच्या घरात काही नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही या. दागिने बोरीला विसरलात तरी चालेल.

ता. क. दुसरा. तिजोरी रिकामी आहे हे मी लिहिलं तेव्हा खरं होतं. एवढ्यात गुलशनने साळुबाईच्या नातवाचा लग्नाचा कोट आत ठेवला, कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या या पाकिटात घातल्या. आकड्याने ती उघडत नाही, मी आत्ताच करून पाहिलं. उद्या सावळेराम हे पत्र आणि गाडी घेऊन बोरीला येतो आहे. किल्ल्या त्याच्या हाती देऊ नका. गुलशन म्हणते, तुमच्याखेरीज कुणाच्या हातून ती किल्ल्या घेणार नाही. लग्न शुक्रवारी आहे, आपा, आणि कोटाला अजून एकही बटण लागलेलं नाही.