नावाड्याचं आवतण

२८ जानेवारी, लक्सर

अखेर नाईलवरच्या बोटीवर पाऊल ठेवलं! शाळेतल्या पोरांकडून राजांच्या सनावळ्या घोकून घेता घेता घसा बसला होता. आता त्याच सनावळ्या मोठ्या माणसांना ऐकवायच्या, आणि वर तीन वेळचं जेवण. गाईडला पहिल्या फेरीत घरचं एक माणूस फुकट आणता येतं, म्हणून आईला आणलं. आमचं मल्लावी गाव सोडून ती आजवर फक्त कैरोच्या दवाखान्यापर्यंत गेली होती. सकाळपासून खोलीतली गादी दाबून बघते आहे. तिला इतकं खुश मी अब्बा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

प्रवासी म्हणजे तांता शहरातल्या शिक्षकांची सहल. मंडळी प्रेमळ आहेत, पण जेवताना त्यांच्याकडे बघवत नाही. भातावर खीर, खिरीवर मासा, आणि चाटलेला चमचा पुन्हा सगळ्यांच्या पातेल्यात. चित्रकलेच्या इन्साफबाई हिरवी शाल सावरत, बोटं चोखत मला म्हणाल्या की एवढा वाळलेला गाईड त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी लिंबाच्या अत्तराचा रुमाल नाकाशी धरून हसलो. माझं हे पहिल्यापासून असंच. लहानपणी कुणाच्याही हातचं खायची शिसारी यायची. आई अंगठीच्या हाताने भाकरीचा तुकडा मुलुखियाच्या हिरव्या पालेभाजीत बुडवायची, "आ कर" म्हणायची, तेव्हा कुठे घास खाली उतरायचा. त्या भाजीइतकं बुळबुळीत जगात काही नसेल, पण तिच्या हातून गोड लागायची.

२९ जानेवारी, लक्सर

मंडळींना कर्नाकचं देऊळ दाखवून आणलं. धक्क्यावर जागा अपुरी, म्हणून बोटी एकीला एक खेटून बांधतात, आणि किनाऱ्यावर उतरायचं तर मधल्या बोटीच्या दिवाणखान्यातून जावं लागतं. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये आज एक जुनी पिवळी बोट होती. आत शिरताच रुमाल नाकाशी नेला. खारवलेला मासा उन्हात सडून पुन्हा भिजावा तसा वास. गालिचा बुटाखाली पचपचत होता. पांढरे हातमोजे घातलेला एक फुगीर माणूस करकद्याच्या, म्हणजे जास्वंदीच्या, लाल सरबताचं तबक घेऊन उभा होता. प्रत्येक पेल्यावर साय धरलेली. हातमोज्यांची बोटं आतून ओली दिसत होती.

त्याने घ्या म्हटलं. मी रुमालाआडून रीतीप्रमाणे उत्तर दिलं, "छे छे, तुम्हीच या आमच्याकडे जेवायला. सगळेच या." आपल्या नदीवर असं म्हणायचंच असतं. भर प्रवाहातला नावाडी काठावरच्या माणसाला जेवायला ये म्हणून हाक मारतो, काठावरचा छातीला हात लावून भरून पावलो म्हणतो, आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. पोहत कुणी येत नाही.

या माणसाने मात्र तबक खाली ठेवलं आणि विचारलं, "कधी?"

मला तो वास सहन होईना. केव्हाही या, म्हणालो आणि सटकलो.

३० जानेवारी, एडफू

पिवळ्या बोटीला मागे टाकून आम्ही निघालो होतो. वाटेत ती कुठे पुढे गेलेली दिसली नाही. पण इथे पोचलो तर धक्क्याला तीच, आणि आम्हाला पुन्हा तिलाच खेटून बांधलं. आईची खिडकी त्यांच्या एका खिडकीसमोर आली आहे, मध्ये हात जाईल एवढीच फट. आईला शेजारीण मिळाली. बाई फार बोलत नाही पण वळणाची आहे, म्हणे. हात जरा ओलसर आहेत बिचारीचे, आजारी असेल. मी खिडकी लावून घेतली तर आई रागावली. नोकरी लागली आणि साहेब झालास, म्हणाली.

दुपारी ते जेवायला आले.

हातमोजेवाला पुढे, बाकीचे रांगेने मागे. सगळे सुजलेले, कपडे अंगाला चिकटलेले. शिक्षकांना वाटलं, दुसऱ्या शाळेची सहल असेल. सरकून जागा करून दिली, या बसा केलं. ते घास तोंडात घालत होते पण चावत नव्हते. गालात साठवायचे, आणि गाल भरला की सगळं परत ताटात सोडायचे. राखाडी लगदा, त्यात नदीतलं शेवाळ. इन्साफबाई शेजारणीशी गप्पा मारता मारता तिच्याच ताटात एकेक बोट बुडवून चाटत होत्या. मी कठड्यापाशी जाऊन ओकलो.

३१ जानेवारी, कोम ओम्बो

तीच बोट. तोच वास. अत्तर अर्ध्यावर आलं.

रईस हमाम म्हणजे आमचे म्हातारे कप्तान. त्यांना गाठून म्हटलं, दोर सोडा, दुसरीकडे चला. त्यांनी उलट विचारलं की मी त्या बोटीवरच्यांशी काय बोललो. सांगितलं, तेव्हा त्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"वगदी मास्तर, एवढ्या मोठ्या नदीत तुलाच माणुसकीचा पुळका यायचा होता?"

रईस तरुण असताना ती बोट बुडाली होती, पानं वाढलेली असताना. तेव्हापासून नदीवरची माणसं तिच्यातून जावं लागलं तर छातीला हात लावतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. त्या बोटीवरचे कुणाकडे जेवून गेले की परत आपल्याकडे बोलावतात, आणि ज्याने त्यांच्यासोबत खाल्लं त्याला नाही म्हणता येत नाही. धक्का बदलला तरी तिथे तीच असते, आणि दोर त्यांच्या बाजूने बांधलेले, पाहुण्यांचं आटोपल्याशिवाय कायमचे सुटायचे नाहीत. किनाऱ्याला जायची वाटही त्यांच्यातूनच.

जेवायला इन्साफबाई आल्या. म्हणजे हिरवी शाल आली. शालीत भिजलेल्या कणकेसारखं तोंड. सगळे तिलाच बाई म्हणत होते, थट्टा करत होते. खऱ्या इन्साफबाई मला पलीकडच्या खिडकीत दिसल्या. गाल फुगलेले. चावत नव्हत्या.

धावत आईकडे गेलो. त्यांच्यासोबत काही खाल्लंस का विचारलं. खिडकीतून शेजारणीने एक घास दिला होता, तेवढाच, म्हणाली. मी ओरडलो तशी ती दुखावली.

"नको कसं म्हणणार? तूच बोलावलंस ना त्यांना? दारी आलेल्याचा हात परतवायला शिकवलं का मी तुला?"

मला तिचाही वास आला. माझ्या आईचा. आणि मी नाकाला रुमाल लावला, तिच्यासमोर. तिने तो पाहिला.

१ फेब्रुवारी, अस्वान

आईला माझ्या खोलीत आणून ठेवलं. इथल्या खिडकीसमोरही तीच बोट, म्हणून खिडकी लावून घेतली. तिच्या दंडावर बोट टेकलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. काही खात नाही. नुसती म्हणते, त्यांनी बोलावलंय, जायला हवं. मला किळस येते आहे आणि त्या किळसेची लाज वाटते आहे.

रुमाल फेकून दिला. तिला मिठी मारून बसलो. कपडे भिजले.

दुपार — डोळा लागला. दार बंदच होतं. खिडकी उघडी. गादीवर ओला आकार —

२ फेब्रुवारी

जेवणघरात शिक्षक नाहीत. त्यांचे कपडे घातलेले आहेत. मला गाईड म्हणून हाका मारतात —

रईस दिसत नाहीत. मुंडासं डेकवर पडलंय, ओलं.

पिवळ्या बोटीतून किनाऱ्याला जाता येईल का? मान खाली घालून, तोंड मिटून? पण आई तिथेच आहे. तिला सोडून —

दुपार

आई समोरच्या खिडकीत आली. माझ्यामागे गादीवर तिचा झगा घालून कुणीतरी बसलंय. मी वळून बघत नाही.

"वगदी, ये बाळा. जेवून घे."

उत्तर जिभेवर आलं होतं. रीतीचंच, तूच ये इकडे. जीभ चावली. ये म्हटलं तर येईल, पण काय येईल — नको म्हटलं तर ती तिथेच, त्यांच्यात, एकटी —

हातमोजेवाला दारात. जेवून उठताना पाहुण्याने म्हणायचं ते म्हणाला. "तुमचं ताट असंच वाढलेलं राहो." म्हणजे त्यांचं झालं. आता आमची पाळी —

दोर सुटले. पिवळी बोट हलते आहे. फट रुंदावते आहे.

आईने हात पुढे केला. अंगठी सुजेत बुडालेली. तीच अंगठी. भाकरीचा तुकडा, त्यावर हिरवं, बुळबुळीत — मुलुखिया नाही, मला माहीत आहे काय आहे ते —

आ कर, म्हणते. तशीच. अगदी तशीच —

डाव्या हाताने तिचं मनगट धरलंय. सोडणार नाही. उजव्याने हे लिहितोय —

ओठाला लागलं. थंड. हलतंय —

आईच्या हातचं आहे. गोडच ला—