वीतभर हिरवा दोरा

जासई,
६ एप्रिल २०२५

चि. सौ. देवकीस,
जमुनाचे आशीर्वाद. भावजयीला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, मनातून नाहीत.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, वाक्य संपायच्या आत तुझं 'ताई, ऐका ना' सुरू होतं. फॅमिली ग्रुपवरूनही मी बाहेर पडले आहे, ते पाहिलं असशीलच.

काल जयदेव दिशाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. पत्रिका पिशवीत, आणि पिशवीबरोबर तुझा निरोप: या लग्नात मानपानाच्या साड्या द्यायच्या नाहीत, घ्यायच्या नाहीत, दिवाणात साठलेल्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या आहेत, घरटी एक. बरं बाई. तुझी काटकसर काय आम्हाला नवी आहे? चादर फाटली की उशीचे अभ्रे, अभ्रे फाटले की पायपुसणी, पायपुसणीही फाटली की तुझ्या मशीनवरची धूळ पुसायचं फडकं. चारचौघींत कौतुकच करत आले मी.

पण पिशवी उलगडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जांभळी, सोनेरी काठाची! गेल्या वर्षी तुमच्या वास्तुशांतीला मी दिलेली साडी! नणंदेच्या साडीची पिशवी शिवायची आणि नणंदेच्याच हातात द्यायची, ही कुठली रीत? वर जयदेव म्हणतो, दुहेरी कापड आहे ताई, मासळी घातली तरी फाटणार नाही. आमचे हे तर म्हणाले, बरी हाय, उद्या बाजाराला नेतो. मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

तू तळोज्याला कंपनीत पाळीवर जायचीस तेव्हा दिशाला मी सांभाळलं. आपल्या घरात नवरीला पहिली हळद आत्याची. ती आता तुझ्या शिलाई मशीनकडून लावून घे. मी येणार नाही.

लोभ होता.
जमुना

तळवली,
११ एप्रिल २०२५

ती. जमुनाताईंस,
देवकीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा दूध उतू गेलं. माझ्या घरात दूध उतू जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मला किती राग आला असेल ते समजून घ्या.

हो, ती साडी तुमच्यासाठी मी मुद्दाम निवडली. चुकून नाही, घाईत नाही. दिवाणात दुसऱ्या साड्या काय कमी होत्या? पण तुमच्या पिशवीला तीच हवी होती.

ताई, ती साडी तुमची नव्हतीच. ती माझी. तुमच्या भावेशच्या लग्नात भावाकडची साडी म्हणून मीच तुम्हाला दिली होती. सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून शिवून, माझ्या मिळकतीतून घेतलेली. तुमचा भाऊ म्हणत होता, घरात पडलेली एखादी दे, ताईला काय कळतंय. मीच भांडले. म्हटलं, मुलाच्या लग्नात बहिणीला भावाची साडी नवीच जाईल. आणि तीच घडी, तसंच खोकं, वास्तुशांतीला माझ्या मांडीवर येऊन पडलं! वर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, जपून नेस गं, भारीतली आहे.

म्हणाल, जांभळ्या साड्या बाजारात ढिगाने मिळतात. मिळतात ना. पण फॉल मी हाताने लावला होता. शेवटी जांभळा दोरा संपला. एवढ्यासाठी नवं रीळ कशाला, म्हणून वीतभर हिरव्या दोऱ्याने लावला. काठाचा तो तुकडा फॉलसकट कापून पाकिटात घातला आहे. चष्मा लावून बघा.

दोन वर्षं तुम्ही ती अंगाला लावली नाहीत. आणि रीत मला शिकवता? भावाच्या साडीची फिरती साडी केलीत, त्यापेक्षा पिशवी बरी. निदान रोज कुणाच्या तरी हातात राहील.

दिशाला तुमचं पत्र वाचून दाखवलं. आत्या नसेल तर पाटावर बसणार नाही म्हणते. ९ मेला हळद आहे. पोरीला रडवायचं असेल तर रडवा.

लोभ असावा असं लिहायचं असतं.
देवकी

जासई,
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. देवकीस,
आशीर्वाद. तुकडा मिळाला. चष्मा लावून पाहिला, उन्हात नेऊनही पाहिला. दोरा हिरवाच आहे.

आता माझं ऐक आणि मध्ये बोलू नकोस. भावेशच्या लग्नात तू खोकं दिलंस. माहेरची साडी म्हणून मी ते सगळ्यांत आधी उघडलं. झाकणाला आतून चिकटलेली चिठ्ठी: 'आकाशच्या मावशीस सप्रेम.' आकाश कोण? तुझ्या बहिणीचा मुलगा. मावशी कोण? तू. म्हणजे आकाशच्या लग्नात तुला मिळालेली साडी तू न उलगडता माझ्या गळ्यात मारलीस, असंच मला वाटणार ना? दुसरं काय वाटणार? घडी मोडायचीही इच्छा राहिली नाही. शेजारची विचारत होती, भावाने काय दिलं. मी म्हटलं, भारी दिलंय, आणि मोरीत जाऊन रडले.

म्हणून वास्तुशांतीला तुझी वस्तू तुला परत केली. तीही मुद्दाम. मुद्दाम काय तुलाच करता येतं?

नवी कोरी साडी जुन्या खोक्यात घालायची अवदसा तुला कुठून आठवली? खोकं वाचवलंस आणि नणंद घालवलीस. तुझ्या काटकसरीला माझा कोपरापासून नमस्कार.

येण्याचं अजून ठरवलेलं नाही. दिशाला म्हणावं, रडू नको.

लोभाचं नंतर बघू.
जमुना

तळवली,
२१ एप्रिल २०२५

ती. जमुनाताईंस,
शि. सा. न.

खोकं चांगलं होतं, ताई. जाड पुठ्ठ्याचं. दुकानदाराने नव्या साडीला नुसती प्लास्टिकची पिशवी दिली होती. तुम्हाला प्लास्टिकमध्ये कशी देऊ? चिठ्ठी मी पाहिलीच नाही, देवाशप्पथ.

पण तीन वर्षं मनात ठेवलंत! एक फोन करून दोन शिव्या घातल्या असत्यात, तर तेव्हाच मिटलं असतं. सटरफटर गोष्टींवरून तासतास भांडता, आणि ज्यावर भांडायचं त्यावर गप्प. याचाच मला जास्त राग आला आहे.

पदर मी कापलेला नाही. कात्री लावली होती, पण हात चालला नाही. घडी करून ठेवलाय. त्याचं काय करायचं ते सांगा.

दिशा जेवत नाही नीट.

लोभ असेल तर लवकर कळवावं.
देवकी

जासई,
२७ एप्रिल २०२५

चि. सौ. देवकीस,
आशीर्वाद. या वेळी पुरते.

पदर हळदीच्या पाटावर दिशाच्या डोक्यावर घाल. माहेरची साडी आहे, पोरीच्या डोक्यावर शोभेल. आणि तिला जेवायला घाल, नाहीतर हळदीला गाल कुठे सापडायचे मला!

आदल्या दिवशीच येते. राग गेलेला नाही. तोंड वाकडं दिसलं तर समजून घे, आणि ते जुनं खोकं माझ्यासमोर जाळ.

पिशवी मी उसवली. दुहेरी कापड होतं म्हणून ब्लाउज बसला. पिवळ्या साडीवर तोच घालणार आहे. काठाचा तुकडा एका बाहीला लावला, दुसरी बाही भुंडीच राहिली. हिरवा दोरा उसवायला शिंपीण बसली होती, मी हात धरला. कुणी विचारलंच तर सांगेन, माझ्या भावजयीकडचा जांभळा दोरा संपला होता.

लोभ आहेच.
जमुना